सातव्या महिन्यातल्या मुंग्या

गाडी बाहेरून धुवायची असते आणि आतून नुसती पुसायची असते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. गाडी शिकवणाऱ्यानं क्लच सांगितला, गिअर सांगितले, चढावर गाडी मागं सरकायला लागली तर काय करायचं तेही सांगितलं. पण धुण्याचं काही बोलला नाही. आणि मी पडले आयुष्यभर ओसरी न् अंगण धुणारी बाई. म्हणून येळवशीच्या दुसऱ्या दिवशी मी गाडी आतून धुतली. बादल्यांनी. दारं सताड उघडी टाकून, खराटा हातात घेऊन, पदर खोचून.

येळवस म्हणजे आमच्या अंबाजोगाईकडची अमावस्या. थंडीत येते. त्या दिवशी सगळं गाव शेतात जेवायला जातं, कडब्याच्या कोपीत पूजा मांडतं आणि भज्जी, आंबील, उंडे न् गव्हाची खीर खाऊन लोळतं. त्या वर्षी पहिल्यांदाच आम्ही आमच्या गाडीतून शेतात निघालो होतो. गाडी जुनीच घेतलेली, पांढरी, लहानशी. पण माझी. घाटनांदूरच्या अलीकडं रस्त्याला लागूनच आमची पिठाची गिरणी आहे, आणि मी गाडी काढली की दळणाच्या रांगेतल्या बाया हातातलं टोपलं खाली ठेवून बघायच्या. मला लई बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

तर मागच्या सीटवर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, खिरीचं पातेलं पायांत धरून बसलेल्या. पाणंदीत एक बैल आडवा आला. मी मारला ब्रेक. पातेलं कलंडलं आणि गूळ घातलेली अर्धी खीर गाडीभर झाली.

"जाऊ दे माय," आत्याबाई म्हणाल्या, "भूमीला पोचली."

"आत्याबाई, भूमीला न्हाई, गाडीला पोचली!"

म्हणून मग ते दुसऱ्या दिवशीचं धुणं. आमचे मालक गिरणीचा पट्टा चढवत होते, ते बाहेर आले आणि बघतच राहिले. "अगं, गाडी हाय का न्हाणी?" मी म्हटलं, "तुमी तुमचं पीठ बघा." गाडी दोन दिवस उन्हात वाळली आणि आरशासारखी लखलखीत दिसायला लागली. मी खूश. पण वरून लखलखीत दिसणाऱ्या त्या गाडीत, रबरी मॅटच्या खाली, गुळाचं पाणी कुठं कुठं जाऊन मुरलं होतं ते मला काय ठाऊक? गाडी नेहमीसारखी बोअरशेजारच्या लिंबाखाली लावली. लिंबाची एक फांदी तिच्या टपाला टेकलेली असायची.

आता ही गाडी घेतली कशासाठी ते सांगते, म्हणजे पुढचा माझा संताप कळेल.

माझी एकच लेक. पाटोद्याजवळ दिलेली. घर मोठं, जमीन मोठी, माणसं तोलामोलाची. लग्नात पाठवणीच्या वेळी ती माझ्या गळ्यात पडून रडत होती, तेव्हा मी तिच्या कानात म्हणाले होते, "रडू नको. पहिल्या बाळंतपणाला तुला आणायला मी येईन. मीच." तेव्हा मला सायकलसुद्धा येत नव्हती. पण बोलून बसले.

असं बोलण्यालाही कारण होतं. मला सातवा महिना होता तेव्हा माझे वडील मला बाळंतपणाला न्यायला आले होते. काळीपिवळी जीप. मागच्या फळीवर गुडघ्याला गुडघे लावून माणसं कोंबलेली, वर टपावर माणसं, दाराला लोंबकळणारी माणसं. रस्ता असा की हाडं खिळखिळी व्हावीत. माझ्या बापानं सगळ्या वाटेनं माझ्या पाठीमागं आपला हात धरला होता, धक्का मला नको, त्याच्या हाताला बसावा म्हणून. घरी आलो तेव्हा त्याचं कोपर सोलून निघालं होतं. मी रडले होते त्या दिवशी. माझ्या लेकीला असं आणायचं नाही, हे तेव्हाच माझ्या डोक्यात पक्कं झालं असणार. पोटात पोरगी आहे की पोरगा, हे माहीत नसतानाच.

म्हणून लेकीचं लग्न झाल्या झाल्या मी गाडी शिकले. मालक म्हणाले, "या वयात?" मी म्हणाले, "तुमचं वय झालं असंल."

फेब्रुवारी सरता सरता लेकीला सातवा लागला. आम्ही ओटी भरायला पाटोद्याला गेलो. मी स्टिअरिंगवर, शेजारी मालक दारावरचा दांडा दोन्ही हातांनी धरून, मागं आत्याबाई. कार्यक्रम झोकात झाला. लेक हिरव्या साडीत अशी दिसत होती की माझीच नजर लागेल म्हणून मी दोनदा तिकडं बघायचं टाळलं. बेत असा होता की त्याच दिवशी तिला घेऊन यायचं. जेवणं झाल्यावर विहीणबाई म्हणाल्या, निघायच्या आधी लेकीला देवीच्या पाया पडवून आणू. वेशीपर्यंत तर जायचं होतं. मी दिमाखात दार उघडून धरलं. विहीणबाई न् आत्याबाई मागं बसल्या, मालक पायीच मागोमाग निघाले. लेकीला पुढं बसवलं.

विहीणबाई म्हणजे मोठं प्रस्थ. घरात त्यांच्या शब्दावाचून पान हलत नाही. बसता बसता त्यांनी विचारलं, "केजवरूनच येता ना तुमी? नेकनूरच्या रस्त्यानं?" मी हो म्हटलं. त्यांनी मांडीवरचा पदर सारखा केला.

गाडी दिवसभर उन्हात तापलेली. वेशीपाशी पोचतोय तोच मागून आवाज आला, "अगंबाई! अगंबाई गं!" मी गाडी थांबवली. विहीणबाई दार उघडून बाहेर, भर वेशीत उभ्या, आणि त्यांच्या जांभळ्या पैठणीवर काठापासून खांद्यापर्यंत मुंग्याच मुंग्या. काळ्या, बारीक, चावत नाहीत पण गुदगुल्या करतात तसल्या. पारावरची म्हातारी माणसं खोकल्याचं निमित्त करून हसायला लागली. विहीणबाई नाचत होत्या, आत्याबाई त्यांच्या पाठीवरून पदरानं मुंग्या झटकत होत्या, आणि मला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

मग त्या माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. "विहीणबाई, ही गाडी हाय का वारूळ?"

मी त्यांच्या खांद्यावरची एक मुंगी टिपली.

"माझ्या सुनंच्या अंगाला एक मुंगी लागलेली मला चालायची न्हाई. आधी मुंग्या काढा, मग लेक न्या. अन् आठवा लागायच्या आत. आठव्यात मी तिला उंबऱ्याभाईर काढणार न्हाई, सांगून ठेवते. मग बाळंतपण हितंच."

मालक हळूच म्हणाले, "आपण भाड्यानं गाडी करू की." मी त्यांच्याकडं असं बघितलं की पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. विहीणबाईंनीच उत्तर दिलं, "कुण्या परक्या ड्रायव्हरच्या हाती पाठवू व्हय? मुंग्या काढा म्हणते ना मी."

आम्ही निघालो तेव्हा लेक दारात उभी होती. माझा हात धरून म्हणाली, "आई, मी तुझ्याच गाडीत येणार. कर काय करायचं ते." मांजरसुंबा येईपर्यंत मी गाडी नुसती हाणली. मालकांनी दांडा आणखी घट्ट धरला.

दुसऱ्या दिवशी मालकांनी गावातून मुंग्या मारायचा फवारा आणला. मी डबा हलवला, गाडीचं दार उघडलं, नेम धरला. तेवढ्यात आत्याबाई आल्या आणि त्यांनी डबाच हिसकला.

"डोकं ठिकाणावर हाय का तुझं? लेक सातव्यात हाय अन् तू जीव मारतीस?"

"आत्याबाई, मुंग्या हायेत त्या!"

"मग? घरात गर्भारशी असताना दुसऱ्याचं घर मोडायचं न्हाई. मुंगीचंबी न्हाई. तुझ्या पोटात पोर होतं तवा मी तुझ्या सासऱ्याला भिंतीत खिळा ठोकू दिला न्हाई. बाळंतपण होऊ दे, मग काय मारायचं ते मार."

"बाळंतपण होऊ दे म्हणता, पण मुंग्या हायेत तवर लेकच येत न्हाई!"

"ते तू बघ," आत्याबाई म्हणाल्या आणि डबा घेऊन आत गेल्या. पिठाच्या कणगीमागं की कुठं लपवला, आजतागायत सापडलेला नाही.

माझा तर तिळपापड झाला. मी असल्या गोष्टी फार मानणारी नाही. पण एकदा कानावर पडलं की पडलं. उद्या काही इकडचं तिकडं झालं, तर जन्मभर तो फवाऱ्याचा डबाच डोळ्यापुढं येत राहील. शिवाय त्या औषधाचा वास पोटुशी बाईच्या नाकात जाणार, हेही होतंच. म्हणजे मारायचं नाही, फवारायचं नाही, घर मोडायचं नाही, आणि मुंग्या मात्र घालवायच्या. घ्या!

मग मी घरातले उपाय काढले. हळद टाकली. हिंग टाकला. कापूर ठेवला. गाडीला फोडणीचा वास यायला लागला आणि पुढच्या दारातल्या मुंग्या मागच्या दारात राहायला गेल्या. काचा खाली करून मी गाडी हायवेला पळवून आणली, वाटलं, वाऱ्यानं उडतील. मालक म्हणाले, "त्यांना फिरवून आणलंस व्हय? आता रोज म्हणतील, ने." दळणाच्या रांगेतल्या बाया हसून हसून बेजार. रोज कुणीतरी विचारायचं, "काय म्हणतात गाडीतले पाहुणे?" मी वरवर हसायचे आणि आतून जळायचे. दिवस चालले होते. लेकीचा फोन आला की मी म्हणायचे, "झालंच आता." फोन ठेवला की डोळ्यात पाणी.

शेवटी एका सकाळी मी डोक्यात राख घालून घेतली आणि गाडी उकलायलाच बसले. रबरी मॅट काढल्या. त्याखालचा गालिचा उचलला. आणि बघते तर काय, खाली जाड फोम, काळाकुट्ट, चिकट, आणि त्याच्यात मुंग्यांचं गावच्या गाव. बोगदे, गल्ल्या, आणि मधोमध पांढरी पांढरी अंडी, राळ्याच्या दाण्यांएवढी. मी उजेड पाडला तशी एकेकीनं एकेक अंडं तोंडात धरलं आणि पळापळ सुरू झाली. फोमला बोट लावून हुंगलं. गूळ! माझ्याच बादल्यांनी नेऊन पोचवलेला येळवशीचा गूळ. मी कपाळाला हात लावला आणि एकटीच हसत सुटले. मालक धावत आले, म्हणाले, "काय झालं?" मी म्हणाले, "काय न्हाई. मीच जेवायला बोलावलं होतं त्यांना."

आत्याबाईही येऊन वाकून बघायला लागल्या. "बघ, त्यांचीबी बाळंतपणं चालू हायेत," त्या म्हणाल्या.

या वेळी मला राग आला नाही. मी गुडघ्यांवर बसून बघत राहिले आणि एकदम माझ्या डोक्यात लख्ख झालं. बाळंतिणीला कुठं न्यायचं तर आधी आपण काय करतो? घर तयार करतो. खोली सारवतो, खाट टाकतो, डिंक-मेथी आणून ठेवतो. मग आणतो. मी तर नुसतं 'निघा, निघा' म्हणत होते. त्यांनी जायचं कुठं? लेकरं तोंडात धरून?

मग मी कामाला लागले. गाडी लिंबाखालून काढून पटांगणात उन्हात आणली, आजूबाजूला झाडबीड काही नाही अशा जागी. टपावरची फांदी गेली, त्यांची ये-जा तुटली. घरात एक तडकलेला माठ होता. त्यात ओलसर माती भरली, थोडं शेणखत घातलं, आणि एक भोक पाडून तो गाडीच्या दाराशी आडवा ठेवला. वर भिजवलेलं गोणपाट टाकलं, एका घोंगडीनं सावली केली. माठात आत गुळाचा खडा. आणि गाडीच्या उंबऱ्यापासून माठाच्या तोंडापर्यंत तुरीच्या काड्यांचा पूल. बाकीच्या तिन्ही दारांच्या काचा बंद. चारी टायरांभोवती राखेचं रिंगण ओढलं, म्हणजे खालून नवी कुणी यायला नको.

"हे काय चाललंय?" मालक म्हणाले.

"माहेर बांधतेय."

"कुणाचं?"

"गप बसा अन् गोणपाटावर पाणी मारा."

ऊन चढलं. गाडी आतून तव्यासारखी तापली. दुपारपर्यंत काही नाही. मी गिरणीतून दर घटकेला बाहेर यायचे. एक मुंगी पुलावरून माठापर्यंत गेली आणि परत आली. मग दोघी गेल्या. मला वाटलं, पाहणी करून घर पसंत नाही पडलं. माझा जीव टांगणीला. आणि उन्हं कलताना आत्याबाईंची हाक आली, "ये गं, ये! निघाल्या!"

गिरणी तशीच सोडून मी पळाले. आणि खरंच, तुरीच्या काडीवरून काळी रांग चालली होती आणि प्रत्येकीच्या तोंडात एक पांढरं अंडं. गडबड नाही, ढकलाढकली नाही. दळणाच्या बाया टोपली घेऊन सभोवती उभ्या राहिल्या. कुणी म्हणालं, "बाई, बाई, कशा लेकरं घेऊन चालल्यात!" आत्याबाईंनी आतून करंडा आणला, माठाला हळदकुंकू लावलं आणि चिमूटभर रवासाखर त्याच्या तोंडाशी ठेवली. ओटीच भरली म्हणा ना. मालक एवढे निबर, पण तेही उकिडवे बसून बघत होते, आणि काडी हलू नये म्हणून त्यांनी शेवटपर्यंत बोटानं धरून ठेवली. मला त्यांच्याकडं बघून माझ्या बापाचा हात आठवला. मी तिथंच रडले, सगळ्या बायांदेखत. आनंदानंच रडले.

दुसऱ्या दिवशीही रांग चालू होती. तिसऱ्या दिवशी पूल रिकामा. माठाचं तोंड गोणपाटानं झाकून मालकांनी तो बांधावर, बोरीच्या सावलीत नेऊन ठेवला. फोम काढून टाकला, पत्रा पुसला. पुसला हो, धुतला नाही.

आठवा लागायला थोडेच दिवस उरले होते. मी एकटीच गाडी घेऊन पाटोद्याला गेले.

विहीणबाई ओसरीवर उभ्याच होत्या. नमस्कार-चमत्कार झाला न झाला, त्या सरळ गाडीकडं गेल्या. मॅट उचलून बघितली. सीटवर हात फिरवला. मग मागं बसल्या, दार लावून घेतलं आणि हात मांडीवर ठेवून मुंग्यांची वाट बघत बसून राहिल्या. ऊन होतंच. लेक पिशवी घेऊन दारात उभी. मी गाडीशेजारी. मिनिटं चालली. एकसुद्धा मुंगी येईना, आणि विहीणबाई काही उतरेनात.

मला धीर निघेना. मी काचेतून म्हणाले, "विहीणबाई, न्हाईत ना? नेऊ ना लेकीला?"

"न्या की," त्या म्हणाल्या. पण हलल्या नाहीत. मांडीवरचा पदर सारखा करत राहिल्या. मग माझ्याकडं न बघता, कधी ऐकला नव्हता असल्या बारीक आवाजात म्हणाल्या, "नेकनूरच्या अलीकडं फाटा लागतो बघा. तिथून आत माझं माहेर हाय. आई-बाप गेल्यापासून गेलेच न्हाई. भाऊ थकलाय, त्याच्यानं येणं होत न्हाई, अन् हितं कुणाला म्हणावं, मला न्या म्हणून? आज गाडीत आपण बायकाच बायका, म्हणून म्हणते... वाटेत सोडता का मला?"

एवढी मोठी बाई. घरात जीप, दारात माणसं, आणि नेणारं कुणी नाही.

"तशाच बसा," मी म्हणाले, "उतरूच नका."

लेक पुढं बसली, पाठीमागं उशी लावून. मी गाडी अशी चालवली की पाण्यानं भरलेला तांब्या ठेवला असता तरी हिंदकळला नसता. विहीणबाई वाटभर बोलत होत्या. चिंचेचं झाड, विहीर, शाळेचं वळण. फाट्यापासून आत गेलो तर एका पत्र्याच्या घरासमोर बाजेवर पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा बसला होता. गाडीतून कोण उतरतंय ते त्याला आधी कळेना. मग तो काठी विसरून उठला. आणि पाटोद्याच्या आमच्या विहीणबाई पैठणीचा घोळ दोन्ही हातांनी उचलून, पोरीसारख्या, अक्षरशः पळत गेल्या.

आम्ही दोघी गाडीत बसून बघत होतो. लेकीनं डोळे पुसले आणि मला विचारलं, "आई, आता ह्यांना परत न्यायला कोण येणार?"

"मीच की," मी म्हणाले, आणि गाडी वळवली.